गंभीर गुन्ह्याचा आरोप आणि बचावाचा वकील

(कोलकात्यातील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते येथील फौजदारी न्यायालयांत वकिली करतात.)



काल याच मंचावर आपल्या मुलांनी नाटुकले केले, उद्या अथर्वशीर्षाची आवर्तने आहेत, आणि मधल्या संध्याकाळी कार्यकारिणीने एका फौजदारी वकिलाला उभे केले आहे! आरती झाल्यावर, हातात प्रसाद असताना अटक, कोठडी, जामीन असले शब्द ऐकण्याची हौस कोणालाच नसते. तरीही मी 'हो' म्हणालो, त्याला कारण आहे. आपल्या ओळखीच्या घरांतून मला अधूनमधून फोन येतात. बहुतेक रात्री दहानंतर येतात, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते : "आमच्या घरात असलं कधी झालं नाही हो." त्या वाक्यानंतर जे सांगावे लागते, ते आज दिवसाउजेडी, कोणावर काही आलेले नसताना सांगावे, एवढाच हेतू.

आरोप 'गंभीर' कधी?

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी 'फेलनी' हा शब्द ऐकला असेल. एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते असा गुन्हा तिथे साधारणपणे फेलनी, आणि त्याहून हलका तो मिसडिमीनर. आपल्याकडे ही विभागणी नाही. आपल्याकडे दोन प्रश्न विचारायचे. गुन्हा दखलपात्र आहे का? म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात का? आणि तो जामीनपात्र आहे का? दखलपात्र आणि अजामीनपात्र असे दोन्ही शिक्के ज्याच्यावर बसतात, तो आपल्या दृष्टीने गंभीर आरोप. इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. 'अजामीनपात्र' म्हणजे जामीन मिळतच नाही, असे नव्हे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा तुमचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. तो विवेक आपल्या बाजूने वळवणे हे वकिलाचे पहिले काम.

दुसरी गोष्ट, १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावे आणि कलमांचे आकडे बदलले. इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. 'चारसोबीस' हा शब्द मराठीत राहीलच, पण कायद्यात फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. ४९८-अ चे कलम ८५ झाले. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनाच दंडविधान लागू आहे, म्हणून कोर्टात सध्या दोन्ही भाषा चालतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, आपल्यातला एक सव्वीस वर्षांचा तरुण आहे. आईवडील साताऱ्याला, हा सॉल्ट लेकमध्ये नोकरीला. एका मित्राने सांगितले, "माझं खातं गोठलंय, चार दिवस तुझ्या खात्यात पैसे मागवू दे." याने मागवू दिले. ते पैसे फसवणुकीचे निघाले. कोणा वृद्ध गृहस्थाची आयुष्याची पुंजी या मुलाच्या खात्यातून फिरून गेली. एक दिवस थान्यातून, म्हणजे आपल्या भाषेत पोलीस ठाण्यातून, फोन येतो : "जरा येऊन जा, दोन गोष्टी विचारायच्या आहेत."

आपल्या घरांत यावर दोनच सल्ले मिळतात. पहिला : "तू काही केलं नाहीस ना? मग जाऊन सगळं खरं सांग, ते सोडतील." दुसरा : "वकील नेऊ नकोस, नेलास तर त्यांना वाटेल की तू काहीतरी केलं आहेस." दोन्ही सल्ले सज्जन माणसांचे आहेत, आणि दोन्ही घातक आहेत. खरे सांगणे चुकीचे नाही. पण आपल्यावर नेमका आरोप काय, कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाखाली, हे ठाऊक नसताना घाबरलेल्या अवस्थेत बोललेले खरेसुद्धा अर्धवट बाहेर पडते. "पैसे आले ते मला माहीत होते" हे त्याचे निरागस वाक्य असते. तपासात तेच "गुन्ह्याची जाणीव होती" असे वाचले जाऊ शकते. राहिला वकिलाचा प्रश्न. वकील हा राज्यघटनेच्या कलम २२(१) ने दिलेला हक्क आहे. ताप आल्यावर डॉक्टरकडे गेलेला माणूस आजाराची कबुली द्यायला गेला, असे आपण म्हणत नाही.

पहिले चोवीस तास

फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालतो, पण त्याचे बरेचसे भवितव्य पहिल्या दिवशी ठरते. त्या दिवशी वकील काय करतो, ते ओळीने सांगतो.

वकील सर्वप्रथम कागद मिळवतो. एफआयआर झाला आहे की नुसती जीडी नोंद? एफआयआर असेल तर कलमे कोणती? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील गुन्हे सोडून इतर एफआयआर पोलिसांनी साधारणपणे चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत. त्यामुळे पुष्कळदा घरबसल्याही तो सापडतो.

मग तो पाहतो की बोलावणे कशाच्या आधारावर आहे. आपल्या तरुणावरचे फसवणुकीचे कलम सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे आहे. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची गरज का आहे हे पोलिसांनी लिहून ठेवावे, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. ती नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. नोटीस आली तर ती टाळू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. गैरहजर राहणारा ते कारण स्वतःच देतो. घरात साठीच्या पुढचे कोणी असेल किंवा महिला असेल, तर साक्षीदार म्हणून चौकशीसाठी त्यांना थान्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावे लागते. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

अटक झालीच, तर हे हक्क ध्यानात ठेवा. अटकेची कारणे कळलीच पाहिजेत. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चौकशीच्या वेळी आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते; तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केलेच पाहिजे.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, तो भाषेचा. इथे कित्येक कागद बांगलात लिहिले जातात. तीस वर्षे इथे राहून आपण माछेर बाजारात अस्खलित भाव करतो, पण हस्ताक्षरातली बांगला वाचता किती जणांना येते? महाराष्ट्रात ज्याला जप्तीचा पंचनामा म्हणतात त्याला इकडे सीझर लिस्ट म्हणतात. तिच्यावर सही घेतात. वाचता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, वाचून समजावून द्यायला सांगा, आणि कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. हा हट्टीपणा नाही. १९६२ मध्येच, महाराष्ट्रातून आलेल्या हरिकिशन यांच्या प्रकरणात, स्थानबद्धतेची कारणे त्यांना न समजणाऱ्या इंग्रजीत दिली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली होती. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे अटक झालेल्याला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. रिमांडच्या वेळी उभा राहणारा वकील पहिल्यांदा हाच कागद मागतो.

आणि बोलण्याचे काय? राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही, मात्र त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग येऊ शकतो. ईडी किंवा कस्टम्सच्या अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबाचे नियम वेगळे आहेत, ते जबाब पुराव्यात येऊ शकतात. म्हणून समन्स कोणाकडून आले आहे, हे आधी वकिलाला दाखवा.

इथे बसलेल्या नोकरदारांसाठी आणखी एक हिशेब. केंद्र सरकारी कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर नियमाप्रमाणे तो निलंबित झाला असे मानले जाते. चोवीस तासांचा आणि अठ्ठेचाळीस तासांचा फरक हा अशा घरात पगाराचा फरक असतो. "उद्या सकाळी बघू" म्हणून फोन ठेवू नका, तो याचसाठी.

जामीन, आणि जामीनदार

अटक होण्याची धास्ती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो, सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. आपल्या लोकांच्या बाबतीत पुष्कळदा गुन्हा एका राज्यात नोंदतो आणि माणूस दुसऱ्या राज्यात असतो. जमिनीच्या वाटणीची तक्रार सांगलीत, आरोपी कोलकात्यात. किंवा सुनेच्या माहेरी तक्रार इंदूरला, सासू-सासरे इथे. अशा वेळी इथल्या न्यायालयातून मर्यादित मुदतीचे संरक्षण घेऊन मूळ ठिकाणी जाता येते, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्याला ट्रान्झिट अटकपूर्व जामीन म्हणतात. ही मुदत श्वास घेण्यासाठी नसून तिकडे वकील उभा करण्यासाठी असते.

अटक झाली असेल तर नियमित जामीन. वकील न्यायालयाला तीन गोष्टी पटवतो : हा माणूस पळून जाणार नाही, पुराव्यात ढवळाढवळ करणार नाही, साक्षीदारांवर दबाव आणणार नाही. म्हणूनच नोकरीचे पत्र, घरभाड्याचा करार, मुलांच्या शाळेची पावती, आईच्या औषधांचे कागद हे सारे जमा करून ठेवा. वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा त्या फायलीने अधिक जामीन मिळतात.

तपास लांबला तर आणखी एक दार उघडते. आपल्या तरुणासारख्या प्रकरणात साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, आरोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा हक्क होतो. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. अर्ज एक दिवस उशिरा गेला आणि दरम्यान आरोपपत्र आले, तर हक्क गेला. दिवस मोजणारा वकील हवा असतो, तो इथे. काही विशेष कायद्यांत, उदाहरणार्थ अमली पदार्थांच्या मोठ्या साठ्याच्या प्रकरणात, ही मुदत १८० दिवसांची आहे. 'एकदा गंमत म्हणून' मित्राची पिशवी हॉस्टेलच्या खोलीत ठेवणाऱ्या मुलांच्या कानावर हे जाऊ द्या.

आता खरा अडथळा. जामीन मंजूर झाला, हुकूम हातात आला, आणि प्रश्न येतो : जामीनदार कोण? साताऱ्याहून वडील सातबारा घेऊन धावत आलेले असतात. कचेरीतला बाबू म्हणतो, "स्थानिक माणूस आणा." हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये आला. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गरीब गवंडी. त्याला दहा हजार रुपयांचा जामीनदार सांगितला गेला आणि त्याच्या भावाची जामीनकी नाकारली गेली, कारण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि विचारले की दक्षिणेतला माणूस बस्तरला किंवा पोर्ट ब्लेअरला पकडला गेला तर त्याने स्थानिक जमीनवाला कोठून शोधायचा? भाषा आणि जिल्हा बघून जामीनदार नाकारणे हे एका देशाच्या कल्पनेलाच धरून नाही. हा निकाल मी आजही खिशात ठेवतो. पण निकाल दाखवून वाद जिंकण्यात एखादा दिवस जातो, आणि तो दिवस मुलगा आत काढतो. त्याऐवजी संध्याकाळी पाच वाजायच्या आत भवानीपूरचा एखादा मराठी गृहस्थ आधार कार्ड आणि घराचे कागद घेऊन कोर्टात आला, तर मुलगा रात्री घरी जेवतो. कायदा सगळे करत नाही, मंडळी. काही आपल्यालाच करावे लागते.

टिळकांचा वकील आणि कलकत्त्याची वर्गणी

गणेशोत्सवात लोकमान्यांचे नाव निघणारच, पण आज ते वेगळ्या कारणाने घेतो. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला होता. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला, बचावाची तयारी करता यावी म्हणून. टिळकांच्या बाजूने अर्ज चालवणारे वकील होते दिनशा दावर. आणि खटल्यासाठी बॅरिस्टर पाठवले ते आपल्या या शहराने! बंगालमधल्या मंडळींनी वर्गणी गोळा केली आणि कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर मुंबईला गेले. गणपतीची वर्गणी आपण दर वर्षी मागतो आणि देतो. एका मराठी माणसाच्या वकिलासाठी कलकत्त्याने वर्गणी दिली होती, हेही लक्षात असू द्यावे. ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि टिळकांना अठरा महिने झाले.

पुढे १९०८. पुन्हा राजद्रोह, पुन्हा जामिनाचा अर्ज, या वेळी वकील बॅरिस्टर जिना. आणि न्यायासनावर कोण? तेच दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ज्या माणसाचा जामीन मागितला होता, त्यालाच त्यांनी तो नाकारला आणि पुढे सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. याची चीड येते, आणि यावी. पण त्यात एक गोष्ट उघड दिसते. वकील बोलतो तो पक्षकारासाठी बोलतो. ती त्याची वैयक्तिक मते नसतात. "असल्या माणसाचं वकीलपत्र घेतलंच कसं?" असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा हे आठवावे. बार कौन्सिलचा नियम आहे की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असले तरी त्याने बचाव करावा. अमुक आरोपीची केस कोणीच घेऊ नये असे ठराव काही ठिकाणच्या बार असोसिएशन करतात. ते बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले.

खटला उभा राहिल्यावर

आरोपपत्र आले म्हणजे सगळे संपले असे वाटते. खरे तर बचावाचे बारकाईचे काम तिथून सुरू होते. आरोपीला जबाबांच्या आणि कागदपत्रांच्या प्रती विनामूल्य मिळतात. वकील त्या ओळीने वाचतो. तारखा जुळतात का? झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या कायद्याने सक्तीचे आहे, ते केले का? मोबाइलमधला पुरावा कायद्याने सांगितलेल्या प्रमाणपत्रासह आला आहे का? आपल्या तरुणाच्या खात्यातून त्याने स्वतः काय मिळवले? एक रुपयाही नाही, हे बँकेच्या उताऱ्यावरून दिसते का?

मग तीन वाटा असतात. आरोपात मुळात गुन्हाच दिसत नसेल तर उच्च न्यायालयात तो रद्द करून मागता येतो. कागदांवरून खटला चालवण्याइतका आधार दिसत नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. त्याला आता साठ दिवसांची मुदत आहे, तीही मोजावी लागते. आणि या दोन्ही वाटा बंद झाल्या तर खटला लढायचा. अमेरिकेत बहुसंख्य प्रकरणे सरकारशी शिक्षेची घासाघीस करून मिटतात. आपल्याकडे तशी सोय २००६ पासून आहे, पण मर्यादित गुन्ह्यांसाठी, आणि फारशी वापरली जात नाही. इथे सामना साक्षीपुराव्याचाच.

उलटतपासणी म्हणजे काय, त्याचा सर्वांत मोठा धडा आपल्या घरापासून दोन ट्राम स्टॉपवर घडला आहे. ज्या मुजफ्फरपूरच्या बॉम्बवर लिहिल्याबद्दल टिळकांवर १९०८ चा खटला झाला, त्याच बॉम्बनंतर अरविंद घोष यांना पकडून अलीपूरला खटला उभा केला गेला. बडोद्यात बरीच वर्षे प्राध्यापकी केलेले हे अरविंदबाबू मराठी माणसांना परके नव्हते. माफीचा साक्षीदार झालेला नरेन गोसाईं सरकारची मोठी भिस्त होता. तो तुरुंगातच मारला गेला, आणि सत्र न्यायालयात त्याची उलटतपासणी होऊ न शकल्याने त्याची साक्ष अरविंदांविरुद्ध वापरता आली नाही. उरलेल्या दोनशेहून अधिक साक्षीदारांचा आणि हजारो कागदांचा डोंगर चित्तरंजन दास यांनी एकेक दगड काढून उपसला. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. इतर कित्येकांना शिक्षा झाल्या. मथळा सर्वांचा एकच होता, पण पुरावा प्रत्येकाविरुद्ध वेगळा मोजला गेला. तो मोजायला लावतो तो वकील.

गुन्हा शाबीत करणे हे सरकारचे काम, आणि तोही वाजवी संशयाला जागा न ठेवता. बचावाचा वकील खोटी कथा रचायला उभा नसतो. सरकारच्या कथेत जिथे भोक आहे तिथे बोट ठेवायला तो उभा असतो.

वकील कसा निवडावा?

टीव्हीवर दिसतो तो मोठा वकील नेहमी तुमच्या कामाचा असतोच असे नाही. ज्या कोर्टात प्रकरण आहे तिथे रोज काम करणारा, फोन उचलणारा आणि "हे होणार नाही" असे तोंडावर सांगणारा वकील बघा. "शंभर टक्के जामीन करून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर अवलंबून फी ठरवण्याला नियमाने बंदी आहे. "वर थोडे द्यावे लागतात" असे कोणी म्हणाले, मग तो मुहुरी असो की वकील, तर उठून या. फी आधी ठरवा, पावती मागा, आणि वकालतनामा वाचून सही करा.

मग त्याला सगळे खरे सांगा. तुम्ही सांगितलेले तो तुमच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही, साक्ष अधिनियमाचे तसे संरक्षण आहे. पुढच्या एखाद्या बेकायदा कामासाठी सल्ला मागितला तर मात्र ते संरक्षण नाही. लपवलेला एक व्हॉट्सॲप संदेश सरकारी वकिलाच्या हातून बाहेर आला की तुमचा वकील भर कोर्टात निःशस्त्र होतो. संदेश पुसून टाकू नका. पुसणे हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो. तक्रारदाराला परस्पर फोन करून विनवू नका. आणि सोसायटीच्या ग्रुपवर खुलासे लिहू नका.

पैसे नसतील तर? कोठडीत असलेल्या कोणालाही, तसेच महिलांना, उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही सोय केली. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे, लिहून घ्या.

शेवटी एक विनंती. आरोप झालेल्या घराकडे आपण पाहणे सोडतो. हळदीकुंकवाचे बोलावणे जात नाही, मुलांचे खेळणे थांबते. न्यायालय निकाल देईपर्यंत कायदा त्या माणसाला निर्दोष मानतो. आपण कायद्याहून कठोर का व्हावे? ज्याचे पैसे गेले त्या वृद्ध गृहस्थाचे दुःख खरे आहे, आणि त्याला न्याय मिळायचा तर तो खऱ्या गुन्हेगाराला धरूनच मिळेल. गणपती बाप्पा मोरया!

व्याख्यानानंतरची काही प्रश्नोत्तरे

*व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे' असे सांगतात, त्याला काय करावे?*

फोन बंद करावा. डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओवर कोणी अटक करत नाही आणि पैसे भरून कोणी सोडत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

*खटल्यातून सुटका झाली की नोकरीतली चौकशीही संपते का?*

आपोआप संपत नाही. खात्याची चौकशी वेगळी, तिचे पुराव्याचे मोजमापही वेगळे. निर्दोष सुटकेचा निकाल तिथे उपयोगी पडतो, पण तो मांडावा लागतो. म्हणून दोन्हीकडची उत्तरे एकमेकांशी विसंगत होऊ नयेत, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

*वर्षानुवर्षे खटला न संपता माणूस आतच राहिला तर?*

नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे असे आहे. ज्या गुन्ह्यांना मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे ते यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील तरी हा लाभ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू केला.

*आपण जामीनदार राहिलो आणि तो माणूस तारखेला आलाच नाही, तर आपल्याला तुरुंगात टाकतील का?*

तुमची जबाबदारी त्याला तारखेला हजर ठेवण्याची आणि बाँडवर लिहिलेल्या रकमेपुरती असते. त्याचा गुन्हा तुमच्या माथी येत नाही. तो आला नाही तर रक्कम जप्त होऊ शकते, आणि ती भरली नाही तर वसुलीची कारवाई होते. याआधी किती जणांना जामीन राहिलात हे प्रतिज्ञेवर सांगावे लागते. आणि तो हाताबाहेर जातो आहे असे वाटले तर जामीनकीतून मोकळे करण्याचा अर्ज करता येतो. तेव्हा डोळे मिटून कोणालाही जामीन राहू नका. पण ज्याला लहानपणापासून या मंडपात आरती करताना पाहिले आहे, त्याच्यासाठी निदान फोन आल्यावर उठा, आणि येताना घराचे कागद बरोबर घ्या.